टेलर राष्ट्राध्यक्षाचा कोट

चौथीपर्यंत शिकलो, मग हातात सुई आली. रत्नागिरीहून इथे आखातात आल्यापासून रोल्लाच्या बाजारात कंदुरेच शिवले, इथल्या पुरुषांचे ते लांब पांढरे झगे. दुकान सोडलं, पण मशीन नाही सोडलं. ते आता मुलाच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीशी आहे.

मुलाला तीच जागा हवी. नातीला अभ्यासाचं टेबल आणायचंय. "अब्बा, आता खलास. डोळ्यांना दिसत नाही, शिवणार कोणाचं?" मी मशीनला तेल घालत बसे. उत्तर देऊन देऊनही माणूस दमतो.

त्यात नातीच्या शाळेत कार्यक्रम निघाला. जुन्या काळच्या कोणाचा तरी वेष करायचा आणि त्याची माहिती सांगायची. हिच्या वाट्याला दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष आला. तोंड वाकडं करून फोनवर वाचत होती ती एकदम ओरडली, "दादा, ही वॉज अ टेलर! नेव्हर वेंट टू स्कूल. लाइक यू!"

"मी चौथीपर्यंत गेलोय," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, कोट ऑनलाइन मागवतो. मी म्हटलं, "घरात टेलर असताना? कोट मी शिवणार. नाही जमला तर मशीन खुशाल उचल."

माप घेताना ती वाचून दाखवायची. लहानपणी उस्तादाकडून पळाला, तर उस्तादाने पेपरात बक्षीस लावलं, याला धरून आणा म्हणून. लिहायला बायकोने शिकवलं. मोठा साहेब झाल्यावरही आधी लोहार असलेल्या एका जज्जाला स्वतः सूट शिवून दिला, आणि लोहाराने उलट त्याला चुलीचा चिमटा घडवून पाठवला. मी खूप हसलो. असं हसून बरेच दिवस झाले होते.

ट्रायलला कोट घातला आणि नात म्हणाली, "दादा, आय कान्ट मूव्ह." सगळा जन्म कंदुरे शिवलेला हात. कंदुऱ्याची बाही सरळ, एका तुकड्याची. कोटाची दोन तुकड्यांची असते, कोपरात वाकते. मी सरळच लावून बसलो होतो. मुलगा बघत होता. बोलला असता तर भांडलो तरी असतो.

बाह्या उसवायला बसलो. सुईत दोरा तिनेच ओवला, आणि पुढचं वाचलं. गुलाम सुटले, त्यांना हक्क देणारे कायदे आले, तर यानेच ते अडवले.

"टेलर होता म्हणून नावं ठेवत असतील," मी म्हटलं.

"नो दादा. ही वॉज मीन टू देम."

इथे माझा पासपोर्ट कित्येक वर्षं मालकाच्या कपाटात असायचा. मालकाकडून पळालेला माणूस दुसऱ्यांची वाट अडवतो, हे काही माझ्या गळी उतरेना. कोट टाकून द्यावासा वाटला. पण कापलेलं कापड मी कधी अर्धवट ठेवलेलं नाही. पुरा केला. डावी बाही तरी जरा ओढतच होती.

शाळेतून आली ती कोट अंगात घेऊनच. मुलगा डाव्या बाहीकडे बघत हळूच म्हणाला, "अब्बा, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं," मी म्हटलं.

"लेट्स व्होट," नात म्हणाली. त्या राष्ट्राध्यक्षावर खटला झाला होता, खुर्ची जायची ती एका मताने राहिली, हे ती नुकतंच स्टेजवर सांगून आली होती.

मुलाने मशीनच्या विरुद्ध हात वर केला. सून किचनमधून म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका." मी माझा हात वर केला. राहिली नात, आणि टेबल तर तिचंच यायचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात वर केला. बगलेत कोट ताणला गेला.

मशीन राहिलं. नात आता मशीनच्याच फळीवर वह्या पसरून अभ्यास करते. मी बाजूला बसून असतो. जिंकलो असं काही वाटत नाही. एका मताने वाचल्यावर त्या माणसालाही वाटलं नसावं.