बाबांचा वॉटर पंप आणि आमचा गणपती

आधी गाडी जाणार, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

गेले बाबा. आज वर्ष झालं.

गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. ठणठणीत.

काही वर्षांपूर्वी, ऐन गणपतीच्या तोंडावर, ती इथे कलकत्त्यात बायपासवर तापली. बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्नचा कल्लोळ. मेकॅनिक म्हणाला, वॉटर पंप गेला, इंजिनात पाणीच फिरत नाहीये.

मी जाम वैतागले. बाबा, पुरे झालं आता. विकून टाकू. कॅब आहेत, मी आहे.

बाबा म्हणाले, "चतुर्थीला गणपती या गाडीतून घरी आला नाही, तर चावी तुझी."

आईला घेऊन एस्प्लनेडला जायचं, मनात आलं की निघायचं, कुणाला विचारायला नको. त्यांचं सगळं त्या चावीत होतं. मला ते कळत होतं. तरी मी हो म्हटलं.

लगेच मल्लिक बाजारातून नवा पंप आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो तर तिथे रोषणाई, गाणी आणि खिचडी. विश्वकर्मा पूजा! अख्ख्या कलकत्त्यात त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही.

बाबांनी पार्किंगमध्ये जुनी चटई अंथरली.

वरच्या मजल्यावरचे सेनकाका धावत खाली आले. आज नको, पाप लागेल, हात कापेल.

बाबा आपल्या सदाशिवपेठी बंगालीत म्हणाले, "सेनबाबू, हे पान्हे मराठी आहेत. यांची पूजा खंडेनवमीला. आज ते ड्यूटीवर आहेत."



पण सेनकाकांचा शेजारधर्म मोठा. पान्ह्याला शिवणार नाही म्हणाले, टॉर्च धरतो. टॉर्च हत्यारात मोडतो का, यावर दोघांचा बराच वाद झाला. मोडत नाही असं ठरलं.

बाबा आयुष्यभर बँकेत. इंजिनाचं ज्ञान सगळं व्हिडिओवरून. त्यांचे हात काळे, म्हणून दर मिनिटाला pause करायला मी. व्हिडिओतला गडी बेल्ट काढतो, पंप काढतो, नवा बसवतो आणि हसतो. आमच्याकडे जुनं गॅस्केट खरवडण्यातच दुपार गेली.

मोदकांसाठी नारळ खवणं हे दरवर्षी बाबांचं काम. आई खाली येऊन त्यांचे हात बघून गेली. म्हणाली, या हातांनी खवलात तर गणपती दारातूनच परत जाईल.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. टेंपरेचरचा काटा सरसर वर.

सेनकाकांनी आकाशाकडे पाहिलं. तिथे नुसते विश्वकर्मा पूजेचे पतंग.

बाबांनी डोकं खाजवलं आणि हीटर फुल केला. इंजिनातली गरमी आत आली, काटा खाली.

"झालं काम."

कसलं झालं! दुसऱ्या दिवशी भाद्रपदातल्या घामट उकाड्यात आम्ही मूर्तिकारांच्या कुमारटुलीहून सॉल्ट लेकला घरापर्यंत हीटर लावून आलो. आईच्या मांडीवर गणपती. रंग उतरेल म्हणून ती त्याला पदराने वारा घालत होती. बाबांच्या चष्म्यावर घाम, तो मी पुसत होते.

सिग्नलला काटा जरा हलला की मी पुढे वाकून बघायचे. चावी मला मिळायची होती ना? मग मी मनातल्या मनात मोरया, मोरया कुणासाठी करत होते?

पोचलो.

बाबांनी चावी माझ्या नाकासमोरून नेऊन सावकाश खिशात टाकली. चेहऱ्यावर असा भाव, जणू गणपती नाही, वर्ल्ड कपच आणलाय.

त्यानंतर मी तो विषय कधी काढला नाही.

मागच्या वर्षी, जायच्या थोडे दिवस आधी, ते बाजारातून आले. गाडी नीट लावली. वर आले आणि चावी माझ्या हातात ठेवली.

"घे. सिग्नल नीट दिसत नाही आता."

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलू, असू दे तुमच्याकडेच. त्यांनी माझी मूठ मिटली आणि चहा मागितला.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. चहा उतू गेला.

आता गाडी मी चालवते. आई शेजारी बसते आणि प्रत्येक ब्रेकला म्हणते, हे असं नव्हते करत.

खरंय. तुम्ही नव्हता करत.

बाबा, नमस्कार करते. फार आठवण येते तुमची.