केनवडची चिंच

झाडावरून पडल्यापासून माझा देवाशी अबोला होता. मी झाडांची निगा राखणारी बाई. वाळक्या फांद्या उतरवायला, रोगट झाडं वाचवायला दोरावरून चढते आणि त्यासाठी गावोगाव फिरते. पूर्वी काम आटोपलं की त्या गावातलं एखादं झाड नुसत्या आनंदासाठी चढायचे. शेंड्याजवळ बसून डोळे मिटायचे. तीच माझी पूजा. गेल्या वर्षी खांदा मोडला. बरी झाल्यावर पोटासाठी चढू लागले, पण आनंदासाठी एकदाही नाही. ज्याच्या जवळ जायला चढायचे त्यानंच हात सोडला, असं वाटायचं.

केनवडला शाळेच्या आवारातलं काम दुपारीच संपलं. परतताना एका शेताच्या बांधावर उंच चिंच दिसली आणि कितीतरी महिन्यांनी मन ओढलं. शेताच्या मालकीणबाईंना विचारलं तर त्या हसल्या, "चढा न बाई, झाड काय पयून जाते!"

वजन बांधलेली बारीक दोरी मी वरच्या फांदीवरून टाकली, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला. धीर सुटायच्या आत चढून जावं, म्हणून फांदी नीट तपासलीसुद्धा नाही. दोर कमरेच्या पट्ट्यात अडकवताना मनात एवढंच म्हटलं, "असशील तर सांभाळ."

"बेटा, थांब! त्या फांदीले दोर नोको लावू."

बांधावरून पंक्चर सायकल ढकलत एक वयस्कर चाचा येत होते. गावातले सुतार. त्यांनी बुंध्याशी वाकून गवतातला लाकडाचा बारीक भुसा चिमटीत घेतला. "हे पाह्य. वरून पडून राह्यलं. फांदी आतून पोकय हाय."

रोज मी इतरांना शिकवते ती खूण माझ्याच पायाशी होती. मी दोर पट्ट्यातून सोडवला. आम्ही दोघं लांब उभे राहिलो आणि दोराची दोन्ही टोकं धरून एकदम ओढ दिली. फांदी कडाडून खाली आली.

मी तुटलेल्या टोकात वाकून पाहिलं, आत नुसता भुसा होता. चाचांनी सायकलला लावलेली पाण्याची बाटली पुढं केली. म्हणाले, "या रस्त्यानं मी कधी येत नाही. आज चाक बसलं, पायी जवळ पडते म्हणून निंगालो इकून." मग दुसऱ्या, जाड फांदीकडं बोट केलं. "ते पक्की हाय. आता चढ. भेतं कायले? मी हाय खाली."

या वेळी प्रत्येक गाठ दोनदा पाहिली, दोर ताणून पाहिला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर सोडला. पडल्यानंतर मी तो कधी पूर्ण सोडलाच नव्हता. कामावरही एक हात फांदीला घट्ट असायचा. त्या दिवशी दोन्ही हात मोकळे केले, तेव्हा भीती गेली. शेंड्याजवळ पोचले. खाली तुरीची शेतं वाऱ्यानं हलत होती. चाचा कपाळावर आडवा हात धरून वर पाहत होते. माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता, आणि त्याची लाजही वाटली नाही. डोळे मिटले. अबोला कधी सुटला ते कळलंही नाही.

उतरल्यावर चाचांच्या पाया पडू लागले, तर त्यांनी खांदा धरून मला उभं केलं. "मले कायले? मी तं फक्त भुसा पाह्यला."

फांदीचा कडकडाट ऐकून मालकीणबाई धापा टाकत आल्या होत्या. चाचांनी त्यांना वरचा शेंडा दाखवला आणि स्वतःच्या लेकीबद्दल बोलावं तसं सांगितलं, "तिथवर गेल्ती हे."