सांबाराचा पीअर रिव्ह्यू

"हा पेपर रिजेक्ट कर," काका म्हणाले, "आणि दोन कॉफी सांग."

क्रम लक्षात घ्या. आधी रिजेक्ट, मग कॉफी. पेपर त्यांनी अजून वाचलेला नव्हता. शीर्षक वाचलं होतं. विद्वान माणसाला तेवढं पुरतं.

काका म्हणजे राघवेंद्रराव. कुंभकोणमच्या एका कॉलेजचे निवृत्त प्रिन्सिपॉल आणि आमच्या इतिहासाच्या जर्नलचे एडिटर-इन-चीफ. ते माझे नक्की कसे काका लागतात ते विचारू नका. आम्हा तंजावरी मराठी लोकांत प्रत्येक जण कोणाचा तरी काका असतोच. मी मॅनेजिंग एडिटर. फरक सोपा आहे. काय छापायचं ते एडिटर-इन-चीफ ठरवतो, बाकीचं सगळं मॅनेजिंग एडिटर करते, आणि काही चुकलं तर ते ठरवलंही तिनेच होतं असं निघतं. शिवाय एक एडिटोरिअल बोर्ड आहे. त्यातल्या मंडळींचं काम कव्हरच्या आतल्या पानावर नाव असणं हे आहे, आणि ते काम ती चोख करतात.

पेपर वसुंधराचा होता. ही दारासुरमला राहते, टाउन बसने कॉलेजला येते आणि कॉन्ट्रॅक्टवर इतिहास शिकवते. आपलीच मराठी पोरगी. कायम पदाचा इंटरव्ह्यू तोंडावर आला होता आणि तोवर एक पेपर स्वीकारला गेला नाही, तर तिला कोणी आत बोलावणारच नव्हतं. अशा वेळी शहाणी माणसं निरुपद्रवी विषय घेतात. हिने सांबार घेतलं.

सांबार तंजावरच्या मराठी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मलं, हे आमच्या घरोघरी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. वसुंधराचं म्हणणं एवढंच, की याला लेखी पुरावा मला सापडला नाही. कोणाकडे असेल तर दाखवावा. आणि पुराव्याविना ही गोष्ट कोणी कोणी लिहिली त्यात तिने काकांचाही एक जुना लेख दाखवला होता. सभ्य शब्दांत, पण दाखवला होता.

आता पीअर रिव्ह्यू म्हणजे काय, तर त्या विषयातल्या दोन जाणकारांनी पेपर तपासायचा. लेखक कोण ते त्यांना कळू द्यायचं नाही आणि ते कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. पहिला रिव्ह्यूअर दूरच्या विद्यापीठातला. त्याने किरकोळ दुरुस्त्या सांगून हो म्हटलं. दुसरा काकांनी स्वतः नेमला होता. तंजावरचे व्यंकटराव, इतिहासाचे मोठे अभ्यासक आणि काकांचे व्याही. त्यांचा अभिप्राय दोन वाक्यांचा होता. "पुरावा नाही म्हणणें हा उद्धटपणा आहे. लेखकाने घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावें."

"काका, व्याही रिव्ह्यूअर कसे चालतील? आणि पेपरात तुमच्यावरच टीका आहे. निर्णय तुम्ही द्यायचा नाही असा नियम आहे."

"व्याही वेगळे, विद्वत्ता वेगळी. नियम मीच केला आहे. मजला कां सांगतेस?"

संध्याकाळी बस स्टँडजवळ वसुंधरा भेटली. "अक्का, इंटरव्ह्यूच्या आधी कळेल का हो? नाही कळलं तर मी गावी परत जातें. घरचे थांबलेतच."

निर्णय झाला की कळेल, एवढंच मी म्हटलं. घरी जाताना मला काकांचा मनापासून राग आला. एका भाजीच्या आमटीपायी ही पोरगी वर्गातून उठून जाणार होती.

पण काकांना मी चांगली ओळखते. दुसऱ्या दिवशी मी कॉफीबरोबरच विषय काढला. "पेपर नाकारला तर लोक म्हणतील, काकांकडे उत्तर नव्हतं. त्यापेक्षा तुम्हीच त्याच अंकात सणसणीत उत्तर लिहा. फोटोसकट."

काकांनी चष्मा काढला. "फोटो रंगीत?"

"रंगीत. फक्त तुम्ही लेखक झालात की या दोन्ही लेखांपुरतं एडिटर राहता येणार नाही. गेस्ट एडिटर लागेल."

"सरि, सरि. बरें. आण कोणीही."

मी तिरुच्चीच्या एक प्रोफेसरबाई आणल्या. त्यांचं आमच्या कोणाशीच नातं नाही, हीच त्यांची मोठी पात्रता. त्यांनी वसुंधराचा पेपर तिसऱ्या रिव्ह्यूअरकडे पाठवला. त्याने तिला बऱ्यापैकी रगडलं, तिने मुकाट्याने दुरुस्त्या केल्या, आणि बाईंनी पेपर स्वीकारला.

मग काकांचं उत्तर आलं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर आपल्याच पूर्वजांची देखरेख होती, सबब सांबार खरं, असा एकूण युक्तिवाद. इथल्या प्रत्येक मराठी घराच्या पूर्वजांची त्या मुदपाकखान्यावर देखरेख होती. मग स्वयंपाक कोण करत होतं, देव जाणे. नियमाप्रमाणे मी नाव काढलं आणि "माझे पूर्वज"च्या जागी "एक मानकरी घराणें" केलं. लेखकाला रिव्ह्यूअर सुचवण्याची मुभा असते. काकांनी कोणाला सुचवलं असेल? मी बाईंना नातं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचारू त्यांना, पण दुसरा बाहेरचा घेऊ."

बाहेरच्याने नम्रपणे लिहिलं की लेख पुन्हा लिहावा. व्याह्यांनी मात्र दोन पानं भरली. "हें कोणतें घराणें? मुदपाकखाना आमच्या वडिलांकडे होता, हें अवघ्यांस ठाऊक आहे. लेखक भंपक आहे." बाईंनी लेख नाकारला.

काका भडकले. नम्र अभिप्राय व्याह्यांचा, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. "हा दुसरा गाढव कोण?"

"ब्लाइंड रिव्ह्यू आहे, काका."

"मग तिचाही पेपर थांबव! माझें उत्तर नाही, तर तिचा प्रश्नही नको." आणि माझ्यासमोरच त्यांनी व्यंकटरावांना फोन लावला, स्पीकरवर. "व्याही, काय दिवस आले पाहा. कोणी एक गाढव विद्वान म्हणून मिरवतो!"

"मजला विचारा," पलीकडून आवाज आला. "आत्ताच एक भंपक लेख हाणला. पुरावा कांही नाही आणि वर मुदपाकखान्यावर हक्क सांगतो! त्याच्यापेक्षा तो पुरावा मागणारा बरा. उद्धट आहे, पण लबाड नाही."

हा लेख आपलाच, हे काकांच्या ध्यानातही आलं नाही; मुदपाकखान्यावर हक्क सांगणारी घराणी काय थोडी आहेत! ते मान डोलावत म्हणाले, "अगदी खरें. असल्यांपेक्षा ती पोर शतपटीने बरी." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "जाऊं दे तिचा. पण फोटो माझा असूं दे."

फोटो गेला. संपादकीयात, रंगीत. वसुंधरा इंटरव्ह्यूला गेली आणि आता कायम झाली आहे. व्याही-व्याही अजूनही सणाला एका पंगतीत बसून त्या अज्ञात गाढवाला शिव्या घालतात, आणि मी दोघांच्या मधे बसून सांबार वाढून घेते.

रिव्ह्यूअरचं नाव गुप्त ठेवतात ते निःपक्षपातीपणासाठी, असं नियमावलीत म्हटलं आहे. असेलही. कुंभकोणमात ते एक लग्न टिकवण्यासाठी ठेवतात.