नसांचं प्रोटीन

वहिनींवर मी भावकीसमोर खोटा आळ घेतला, आणि चूक माझी होती. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचा राग वाचून कुणाला मीच बिचारा वाटेन.

दादाला कंपवात आहे. गावी, खुटबावला, शेती झाली तरी आम्ही मेंढरं मोडली नाहीत. लोकरीच्या कातरणीला भावकी एकमेकांकडे जाते. दादाच्या हातात कातर असली की मेंढी निवांत पडून राहायची. तोच हात थरथरू लागला. दौंडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो बराच सावरला होता, पण माझं तेवढ्यावर समाधान नव्हतं.

मी कारखान्यात सुपरवायझर. शिकलेला म्हणून घरात माझा शब्द चालतो. नसा वाढवणारी प्रोटीनं असतात, मेंदूच्या आजारांवर ती वापरून बघतात, असं मोबाईलवर वाचलं. तेवढं खरं होतं. त्याच्याच खाली 'नसा पुन्हा वाढवणाऱ्या' पावडरीची जाहिरात होती. डबा मागवला आणि वहिनींना बजावलं, गोळीबरोबर दुधातून द्यायची.

थोड्याच दिवसांत वहिनी म्हणाल्या, "भावजी, ती पावडर घेतली की ह्यांचं आंग लाकडावानी व्हतंय. उपासाला दिली न्हाई, तवा बरं व्हतं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

कातरणीच्या दिवशी दादाची कातर मेंढीच्या कातड्यात घुसली.

"आरं, कातरतुयास का मटान करतुयास?" कातरणीला आलेले आमचे मामा ओरडले. सगळे हसले. दादानं कातर खाली ठेवली आणि तो उठून गेला.

मला ते सोसलं नाही. मी वहिनींवर धावलो. "गोळ्या येळेवर देत न्हाई तुम्ही! येवढं येक काम, त्येबी जमंना?"

हसणं थांबलं. वहिनींनी हळद आणली आणि मेंढीच्या जखमेत दाबून भरली.

दुसऱ्या दिवशी दादाला आणि पावडरीचा डबा घेऊन दौंडला गेलो. डबा पाहून डॉक्टर भडकले. "नसांची प्रोटीनं वेगळी. तीसुद्धा तोंडानं घेतली तर वरणासारखी पचून जातील. मेंदूपर्यंत ती पोचवायची कशी, यावरच अजून काम चाललंय. ही नुसती दुधाची पावडर आहे. आणि प्रोटीन या गोळीच्या आडवं येतं. गोळी जेवणाआधी द्या, हे सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं, वहिनींना. मी बदलेपर्यंत त्या तशीच देत होत्या.

पावडरवाल्याला फोन लावला. "सर, कोर्स पूर्ण करा," तो म्हणाला. खऱ्या संशोधनाच्या आडून आजारी माणसांना लुटणारी ही जात! तोंडाला येईल ते बोललो. दादावरही चिडलो, गप्प का बसलास म्हणून.

"तू शिकल्याला. म्या काय बोलू?" तो म्हणाला.

यावर कुणाला शिव्या देणार?

पावडर बंद झाली, गोळी पुन्हा लागू पडली. पण दादानं कातर धरली नाही. वहिनी पूर्वीसारखाच चहा देत राहिल्या आणि माझा स्वतःवरचा संताप वाढत गेला. स्वयंपाकघरात हळूच माफी मागणं सोपं होतं. पण अपमान काय हळूच केला होता?

पुढच्या कातरणीला भावकी जेवायला बसली. वहिनी वाढत होत्या. मी ताटावरून उठलो.

"वहिनी, गोळी तुम्ही कधीच चुकवली न्हाई. माझ्या पावडरीनं दादाचं हात आखडलं. तुम्ही सांगत व्हता, म्या ऐकलं न्हाई, आन् वर ह्या सगळ्यांसमोर तुमच्यावरच आळ घेतला. माझं चुकलं. मला माफ करा."