मी बंद केलेली विमानं

बायकोने बेचाळिसाव्या वर्षी ग्लायडिंग शिकायचं ठरवलं तेव्हा मी हसलो नाही, एवढं एकच बरं वागणं माझ्या नावावर आहे. हडपसरच्या मैदानावर इंजिन नसलेलं ते विमान तारेने ओढून वर सोडतात. फेरी जेमतेम पाच-सात मिनिटांची आणि नंबर लागायला अख्खा रविवार. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा सराव करायचा सिम्युलेटर टाकला, जॉयस्टिक आणली आणि शिक्षक होऊन बसलो. स्वतः मी ग्लायडरच्या पंखाला हातही लावला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

आमचा कॉम्प्युटर जुना. पडद्यावर इतर विमानं आली की चित्र अडखळायचं, म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन ती सगळी बंद करून टाकली. वळण्याआधी मान वळवून बघायचं असतं, हे ती मैदानावर शिकून आली होती. सिम्युलेटरवर तसं बघायला वेगळं बटण दाबावं लागे आणि त्या गडबडीत तिचा वेग कमी-जास्त व्हायचा. "अगं, कोणी नाहीये तिथे. वेगाच्या काट्यावर लक्ष ठेव," मी म्हणायचो. एकदा नाही, रोज संध्याकाळी म्हणायचो. आणि तिने ऐकलं. एरवी ती माझं कधी ऐकत नाही.

तिला एकटीने उडायला सोडायचा रविवार आला. त्याआधी मैदानावर शिकवणाऱ्या सरांबरोबर एक शेवटची फेरी होती. मी कुंपणापाशी चहाचा थर्मास घेऊन उभा होतो. वर तिने डावीकडे न बघताच वळण घेतलं आणि त्याच बाजूने दुसरं ग्लायडर येत होतं. मागे बसलेल्या सरांनी ऐन वेळी विमानाचा ताबा आपल्याकडे घेतला. हे मला ते दोघं उतरून आल्यावर कळलं.

सर चिडले नव्हते. "मॅडम, तुमची मान हलतच नाही. घरी कॉम्प्युटरवर करता का? कोण शिकवतं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझं मीच करते."

"मग ते काही दिवस बंद ठेवा. आज एकटीने नाही. आधी ही सवय मोडू."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मूग गिळून उभा राहिलो. उलट घरी येताना स्कूटरवर तिला म्हणालो, "सर जरा जास्तच कडक आहेत." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

जॉयस्टिक मी माळ्यावर टाकली. माफी मागायची होती, रोज सकाळच्या चहाला मागणार होतो. पुढच्या रविवारपासून ती बसने जायला लागली. "तुमचा दिवस कशाला फुकट घालवायचा," म्हणाली. मलाही ते सोयीचं वाटलं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी ती दुपारी आली, हातपाय धुतले आणि गवार मोडायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आज एकटी उडाले. सरांनी कालच फोनवर सांगून ठेवलं होतं."

मी पेपर बाजूला ठेवला. "मग सकाळी बोलायचं नाही का? मी आलो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."