मिठाची फाइल

आमच्या लॅबमध्ये इतके किस्से का साठतात, त्याला कारण आहे. एखाद्या पदार्थात अणू कुठे कुठे बसलेत ते आम्ही कॉम्प्युटरला सांगतो आणि विचारतो, "आता इलेक्ट्रॉन कुठे राहतील? यातून वीज जाईल का?" मग तो दिवसचे दिवस आकडेमोड करत बसतो आणि आम्ही चहा पीत बसतो. मुरूडजवळच्या कॉलेजातली एवढीशी लॅब. म्हात्रे सर, आणि त्यांच्याकडे पीएचडी करणारे नाझनीन आणि मी. तिघं मिळून किती बोलणार? भरपूर!

*

चौलला आमच्या शेजारच्या काकूंना कळलं, की मी सिरॅमिकवर पीएचडी करतोय. त्यांच्या घराचं काम चालू होतं. "बाथरूमच्या टाइल्स जरा कमी भावात बघ ना रे!"

मी समजावलं, की हे टाइल्सच्याच जातीचे पदार्थ, पण फार गुंतागुंतीचे. एकेकात पाच-पाच धातू आणि वर ऑक्सिजन. शिवाय आम्ही ते बनवत नाही, नुसते कॉम्प्युटरात मांडून बघतो.

काकू म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं शिकून एक पण बसवली नाहीस?"

*

आमच्याकडे एसी फक्त कॉम्प्युटरला, माणसांना पंखा. ऑफिसातले पाटीलभाऊ सकाळी जेटीवरून सुरमई आणत आणि संध्याकाळपर्यंत टिकावी म्हणून गुपचूप कॉम्प्युटरच्या मागे ठेवत. एकदा मुंबईहून मोठे पाहुणे आले. आत शिरताच त्यांनी नाक आक्रसलं. "कसला वास येतोय? काही जळतंय का?"

सरांनी घाबरून कॉम्प्युटरच्या मागे हात घातला आणि पिशवी बाहेर काढली. पाहुण्यांनी कुतूहलाने वाकून पाहिलं. "हे कुठलं मटेरियल?"

नाझनीन गंभीरपणे म्हणाली, "सर, यावर काम संध्याकाळी सुरू होणार आहे."

पाहुणे जेवायला थांबले!

*

सरांचा नियम असा, की नवीन आलेल्याने आधी मीठ करायचं. म्हणजे साध्या खायच्या मिठाचं गणित. उत्तर जगाला ठाऊक असल्यामुळे चूक लगेच सापडते. त्यात सर पेणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले, त्यामुळे मिठावर भारी जीव. एकदा त्यांची आई लॅब बघायला आली. स्क्रीनवर रंगीत गोळे फिरत होते.

"ह्ये काय हाय?"

"मीठ, आये."

आई बघतच राहिली. "तुज्या बापानं जल्मभर मीठ केलं. तुला येवरं शिकवलं, नी तू पन मीठच करतंस?"

*

नाझनीन श्रीवर्धनची. अब्बांची सुपारीची वाडी. तिचा पदार्थ म्हणजे एक काळं सिरॅमिक. पुण्यातले आमचे मित्र ते भट्टीत भाजत होते. कडक उष्णतेतही वीज अडवेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. सरांचा आणि तिचा अंदाज, की हे अडवेल. कॉम्प्युटर मात्र दर वेळी सांगे, वीज आरामात जाईल! शेवटी सर म्हणाले, "पुण्याहून भाजलेली वडी येईपर्यंत थांबू. तिच्यातूनही वीज गेली, तर विषय बदलायचा." म्हणजे आजवरचं सगळं काम पाण्यात. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी ती आगरदांड्याहून दिघीच्या फेरीबोटीने घरी जायची, तीही मोबाइलवर इलेक्ट्रॉनचे आकडे बघत. एकदा वैतागून मोठ्यानेच बोलली, "एवढ्या गर्दीत हा राहतो तरी कुठे?"

बाजूचा प्रवासी लगेच सरसावला. "नाव सांगा ताई. दिघीत मी सगळ्यांना वळखतो!"

*

मग एका दुपारी ती किंचाळली, "सर, ही फाइल मी मिठावरून काढलीय!"

आम्ही सगळेच नवीन पदार्थाची फाइल मिठाच्या फाइलची कॉपी करून बनवतो. मिठातले अणू चुंबकासारखे वागत नाहीत, म्हणून तिथे चुंबकत्व बंद ठेवलेलं. तिच्या सिरॅमिकमधले धातू मात्र चुंबकासारखे वागणारे, सगळं घोडं नेमकं तिथेच अडलेलं! ते चालू केलं आणि काही दिवसांनी उत्तर आलं, की वीज जाणार नाही.

सरांनी आईला फोन लावला. "आये, मिठानंच घोटाळा केला."

"मी कवाची सांगतंय, सोर ता मीठ, दुसरं काय तरी कर!"

नाझनीन नाचत होती. सर तिला म्हणाले, "हवं तेच उत्तर आलंय ना? मग आता जास्त घाबर."

*

पुण्याची वडी आली. नाण्याएवढी, काळीकुट्ट. सरांनी मीटरच्या दोन्ही तारा वडीला टेकवल्या. वीज गेली की तो वाजतो. आवाज नाही. "मीटर बिघडला असेल," म्हणत तारा एकमेकींना लावल्या. पीऽऽप! परत वडीला. चिडीचूप. वडी उलटी केली, घासली, पुसली. तरी चिडीचूप.

नाझनीनने घरी फोन लावला. स्पीकर चालू होता. अब्बांनी अर्ध्या रिंगमध्येच उचलला.

"अब्बा, काही झालं नाही! काहीच झालं नाही!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

मग अब्बा हळूच म्हणाले, "नाय झालं तर नाय झालं, बेटा. रडू नको. वाडी हाय ना आपली!"