आईचा न आलेला फोन

आधीच सांगते — मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी जेवताना वाचते आणि निवांत झोपते. त्यामुळे कुणी 'भास झाला असेल' म्हटलं तर मला राग येणार नाही... मीही स्वतःला तेच सांगून पाहिलंय.

मी मूळची यवतमाळची. वारज्यात पल्लवी नावाच्या मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करते. डेटिंग ॲपवरच्या कुणाला भेटायला जायचं असलं की आमचा एक नियम असतो. घरी राहिलेली थोड्या वेळाने फोन करते आणि म्हणते, "दूध उतू चाललंय, ये." थांबायचं असेल तर "गॅस बंद कर" म्हणायचं, नाहीतर सरळ उठायचं. आमच्याकडे दूध कुणी तापवतच नाही, म्हणून तर हे वाक्य ठरवलं.

त्या रविवारी दुपारी मंडईजवळच्या एका कॅफेत निखिलला भेटले. प्रोफाइलवर 'समानता मानणारा' वगैरे. बसल्या बसल्या त्याने माझा फोन सायलेंट करून स्वतःच्या बाजूला पालथा ठेवला. "डेटवर फोन नको, यार." मला ते आधी गोडही वाटलं, खोटं कशाला बोलू!

मग सुरू झालं. "जॉब कर, पण घर फर्स्ट." "आधी किती जणांना भेटलीस?" "मुली नाही म्हणतात ना, तेव्हा त्यांना आग्रह हवा असतो." एवढं बोलून, हसत त्याने गाडीची किल्ली उचलली. "चल, वाघोलीला फ्लॅट दाखवतो. आई घरीच आहे, तिला भेट."

मला जायचं नव्हतं. भीती वाटत होती. पण आईने लहानपणापासून शिकवलेलं — कुणी घरी बोलावलं तर तोंडावर नाही म्हणू नये, गप बसावं, मुलीच्या जातीने तर नक्कीच. मी "चालेल" म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. चांगला मोठ्याने. मी तो त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

आईचा आवाज. "दूध उतू चाल्लं न बाई... ऊठ!"

मी उठले. सॉरीसुद्धा न म्हणता बाहेर पडले आणि मिळेल त्या रिक्षात बसले.

मग डोकं चालायला लागलं. आईला या भेटीबद्दल काहीच माहीत नव्हतं, ते वाक्य तर नाहीच नाही. फोन पाहिला — अजून सायलेंटवरच. पल्लवीचे मिस्ड कॉल होते. आईचा एकही नाही. तेवढ्यात निखिलचा मेसेज आला : "फोन वाजलाच नव्हता. ड्रामा क्वीन! आई घरी नसली म्हणून काय खाल्लं असतं तुला?" म्हणजे 'आई घरीच आहे' हे खोटंच होतं.

आईला फोन लावला. दुपारच्या झोपेतून उठली ती. "मी काहून फोन करू तुले? झोपली होती मी." मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं... ॲप, निखिल, वाघोली. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण ती रागावली नाही.

"मंग... उठली न तू?" एवढंच विचारलं तिने.

पल्लवी म्हणते, घाबरल्यावर मेंदू असले खेळ करतो. करत असेल. पण मग त्याला पल्लवीचाच आवाज सोपा नव्हता का? जिने जन्मभर मला 'गप बस' शिकवलं, तिच्याच आवाजात 'ऊठ' कुठून आलं... मला अजूनही सांगता येत नाही.